वाक्याआधीचे हसू

‘गोष्टीआधीचे लोक’ या बालनाट्याच्या दुसऱ्या अंकात कोल्हा धावत येतो आणि एक वाक्य बोलतो. सोलापूरच्या पूर्व भागातील मुले ते वाक्य उच्चारले जाण्यापूर्वी हसतात. वैराग आणि करकंब येथील मुले ते ऐकल्यानंतर हसतात.

ही वस्तुस्थिती घेऊन सबा एप्रिलमधल्या एका दुपारी माझ्याकडे आली. ती खुर्चीत बसली, उठली, पंख्याचा वेग वाढवून पुन्हा बसली. कनिष्ठ महाविद्यालयात मी तिला भौतिकशास्त्र शिकवले होते. तिने पुढे त्याचा काही उपयोग केला नाही. नाटके लिहिली आणि बसवली. हे नाटक तिचेच होते.

गोष्टीतला राक्षस खादाड का, जंगलातली म्हातारी एकटी का, कोल्हा लबाड का, हे आपण मुलांना कधी सांगत नाही. सबाच्या नाटकात ते सांगितले आहे. राक्षस हा मुळात लग्नघरचा आचारी. सर्वांना वाढून झाल्यावर त्याच्यासाठी काही उरत नसे, म्हणून तो वाढण्याआधी खाऊ लागला आणि पुढे थांबणे विसरला. म्हातारी ही एक शिक्षिका. सगळे एकदम बोलणाऱ्या गावाला कंटाळून ती जंगलात गेली. आणि कोल्हा हा गावातला सर्वांत खरा माणूस. त्याचे नाक तीक्ष्ण होते. आग, पाहुणे, नासलेले दूध, सगळे त्याला आधी कळे. आधी कळते म्हणजे काहीतरी लबाडी असणार, असे गावाने ठरवले, आणि गावाने ठरवलेलेच गोष्टीत उरले.

प्रश्नातले वाक्य असे. आचारी गावावर चालून येतो, तेव्हा कोल्हा धावत येऊन म्हणतो, “पळा, ढेरी आली! माणूस मागून येतोय.”

“वाक्य बरे आहे,” मी म्हणाले. “पण त्याआधी हसण्याइतके नाही.”

“तेच तर,” सबा म्हणाली आणि तिने फोन लावून स्पीकरवर ठेवला.

पलीकडे उदयसिंह होते, ज्या बालनाट्य महोत्सवाच्या अंतिम फेरीत सबाचे नाटक पोहोचले होते त्याचे संयोजक. आवाज सभ्य होता, पण घाईत.

“मॅडम, मी कुणावर आरोप करत नाही. पण आमच्या दोन परीक्षकांनी वेगवेगळ्या प्रयोगांना बसून तेच लिहिलंय. पोरं आधी हसतात, म्हणजे पोरांना पढवलंय. आणि हसतात फक्त पूर्व भागातली. आता कोल्हा राहतो कुठं? पूर्व भागात. यात सायन्स कुठं आलं?”

“तुम्ही निष्कर्ष काढलात तिथं आलं.”

“रविवारी फायनल आहे. तोवर कारण द्या. नसेल तर कोल्हा बदला. कोल्हा बदलला की तक्रार मिटली असं मी समजेन.”

फोन बंद झाल्यावर सबा पुन्हा उठली. “मला कोल्ह्याचं काम पाठ आहे. मी करू शकते.”

“बसूला विचारलंस?” मी म्हणाले. कोल्ह्याचे काम तो करत असे.

“विचारलं. तो नाहीच म्हणणार ना.”

हे उत्तर मी बाजूला ठेवले. ज्या प्रश्नाचे एकच उत्तर अपेक्षित असते, त्याच्या उत्तराला पुरावा म्हणता येत नाही. हे दोन्ही बाजूंना लागू आहे.

तालीम एका शाळेच्या सभागृहात होती. पत्रे तापले होते. बसू तिशीचा, उंच आणि सडपातळ, कुरिअरची पाकिटे वाटणारा. तो एका जागी उभा राहू शकत नव्हता. माझी ओळख करून दिल्यावर त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

“मॅडम, तुमी पोलिसात होता का?”

“नाही. कॉलेजात.”

“मग बरं.” पण तो बसला नाही. “काल महोत्सवाची दोघं आमच्या गल्लीत आलती. पोरांना विचारायलेत, बसूअण्णानं चॉकलेट दिलं का, काय शिकवलं का. आता नळावर बाया माझ्याकडं बघून लेकरं आत घ्यायल्यात. नाटक ऱ्हाऊ द्या वो. त्या गल्लीत माझी आई ऱ्हाती.”

“चॉकलेट दिलं असतं तर आधी मला दिलं असतं की,” लालसाब म्हणाले. ते टेम्पो चालवत आणि नाटकात राक्षस होते. त्यासाठी त्यांना पोटाला उशी बांधावी लागत नसे. “राक्षसाला सोडून पोरांना? एवढी हिंमत न्हाई त्याची.”

कोणी हसले नाही. सबा हातातली संहिता गुंडाळत होती आणि उलगडत होती.

“बसू, एकदाच विचारते. खरं सांग.”

“तुमी चारदा विचारलंय, ताई.”

“मग आणखी एकदा सांग.”

“न्हाय. कुणाला काय शिकवलं न्हाय. कुणाला काय सांगितलं न्हाय.” त्याने कोल्ह्याचा मुखवटा उचलला आणि परत ठेवला. “तुमीच लिहिलंय की नाटकात. आधी कळलं म्हणजे लबाड. माझं तेच करायलाय तुमी.”

सबा बाहेर व्हरांड्यात गेली आणि तिथे येरझाऱ्या घालू लागली. बसू आत येरझाऱ्या घालत होता. मध्ये भिंत होती.

मी पहिला तर्क मुखवट्यापासून सुरू केला. प्रारंभीच्या प्रयोगांत बसूचा चेहरा रंगवलेला असे आणि त्या काळात कोठेही मुले आधी हसत नव्हती. कागदाच्या लगद्याचा, पूर्ण डोके झाकणारा मुखवटा नंतर आला, आणि त्यानंतर हा प्रकार सुरू झाला. मुखवट्याच्या आत कॉलरचा माइक असतो. वाक्याआधी बसू जोरात श्वास घेत असेल, माइक तो पकडत असेल, आणि मुलांना ती सूचना मिळत असेल. तर्क नीटस होता. पूर्व भागातल्या, अशोक चौकाजवळच्या एका शाळेतील सकाळच्या प्रयोगात मी त्या प्रवेशापुरता माइक बंद ठेवला.

मुले आधी हसली. फरक इतकाच, की यावेळी मागच्या रांगांना वाक्य अजिबात ऐकू आले नाही, आणि मागच्या रांगाही आधी हसल्या.

शिवाय माझा तर्क वैरागबद्दल काहीच सांगत नव्हता. मुखवटा तोच, माइक तोच, श्वासही तोच. तिथली मुले मात्र वाक्य संपेपर्यंत थांबत होती. तर्क नीटस असण्याचा आणि तो खरा असण्याचा काही संबंध नाही, हे मी इतरांना पुष्कळदा सांगितले आहे.

प्रयोग संपल्यावर मी सातवीच्या काही मुलींना गाठले.

“कोल्हा बोलण्याआधीच तुम्ही का हसलात?”

“आधी कुठं?” एक म्हणाली. “त्यो बोलल्यावरच हसलो की.”

“त्याचा आवाज नंतर आला.”

मुलींनी एकमेकींकडे पाहिले. मग त्याच मुलीने मला समजावून सांगण्याच्या सुरात म्हटले, “मॅडम, तुमाला पाठीमागं बसवलं असंल. पुढं बसा की.”

हे मी उदयसिंहांना कळवले. ते म्हणाले, “पढवलेली पोरं असंच बोलणार.” हे शक्य होते. पण पढवलेली मुले सहसा एवढा सल्ला देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी वाक्यच बदलले. प्रयोग पूर्व भागातच, नीलम नगरजवळच्या एका शाळेत होता. नवे वाक्य मी कोणालाही सांगितले नव्हते, सबालाही नाही. बसू विंगेत मुखवटा चढवण्याच्या बेतात असताना मी ते त्याच्या कानात सांगितले: “थांबा, पळू नका! ढेरी बंद पडली.” त्याने मान हलवली, मुखवटा चढवला आणि तो धावत रंगमंचावर गेला.

मुले आधी हसली, आणि नेहमीपेक्षा जास्त हसली.

सबा माझ्या शेजारी उभी होती. नवे वाक्य ऐकल्यावर तिने माझ्याकडे वळून पाहिले. “हे कधी दिलंत?”

“आत्ता.”

“मग त्यांना कसं कळलं?”

“बसूने आधी सांगितले नव्हते, एवढे आता निश्चित. त्याला स्वतःलाच माहीत नव्हते.”

तिचा चेहरा सैल झाला नाही, उलट अधिक आखडला. संशय जाऊन त्या जागी काही आले नाही, की माणसाला चैन पडत नाही. “मग उदयसिंहांना हे पुरेल?”

पुरले नाही. उदयसिंहांचे म्हणणे, की मी बसूच्या बाजूची आहे आणि वाक्य मी खरोखर विंगेत दिले याला साक्षीदार नाही. म्हणणे त्रासदायक होते, पण चुकीचे नव्हते. शिवाय मी कारण दिले नव्हते. एक कारण फक्त खोडले होते.

त्या दुपारी मी घरी बसू शकले नाही. उन्हात चौकापर्यंत गेले आणि परत आले. बातमी बसूकडून निघत होती, आणि आवाजाच्या आधी निघत होती. आवाजाचा मार्ग बंद होता. चेहरा मुखवट्याखाली होता. मग शेपूट? सबाने ते तारेवर बसवले होते आणि बसू वळला की ते उडे. शनिवारी सकाळच्या प्रयोगात मी ते सेफ्टी पिनने बसूच्या पाठीला टाचून टाकले.

“आता मला लघवीला जायचं असंल तर?” बसूने विचारले.

“नंतर.”

“कोल्हा म्हणून कोण जन्माला आलं रं देवा,” लालसाब म्हणाले.

मुले आधी हसली. शेपूट निर्दोष ठरले.

त्याच दिवशी आणखी एक प्रयोग होता, दुपारचा. शिल्लक राहिले होते ते हात आणि पाय. पाय बांधता येत नव्हते. मी लालसाबना सांगितले, की पहिल्या अंकातले आचाऱ्याचे मोठे पातेले कोल्ह्याच्या हातात द्या आणि तो प्रवेश संपेपर्यंत ते खाली ठेवू देऊ नका. पातेले पितळी होते, दोन्ही कड्या धरल्याशिवाय उचलता येत नसे. बसूला कारण सांगितले नाही. त्याने विचारलेही नाही. एव्हाना त्याने विचारणे सोडून दिले होते.

सभागृह पूर्व भागातलेच, मुले तशीच, उकाडा तोच. कोल्हा पातेले कवटाळून धावत आला, थांबला, आणि म्हणाला, “पळा, ढेरी आली! माणूस मागून येतोय.”

मग मुले हसली.

सबाने माझा दंड पकडला. तिच्या हाताला घाम होता. “मॅडम, नंतर हसली.”

“हो.”

“म्हणजे हात.”

“म्हणजे हात.”

प्रत्येक प्रयोगाचे चित्रण एक शिक्षक समोरून फोनवर करून सबाला पाठवत असत. सबाने ती चित्रणे अनेकदा पाहिली होती, पण दर वेळी हसू कधी येते ते ऐकण्यासाठी. चहाच्या टपरीवरच आम्ही नीलम नगरचे चित्रण उघडले आणि मी फोनचा आवाज पूर्ण बंद केला. बसू आणि लालसाब आमच्या मागे उभे राहिले.

आवाज नसताना कोल्हा धावत आला. थांबला. त्याचा उजवा हात कमरेजवळ आला, बोटे जुळली, आणि मनगट एकदम सैल पडून पंजा खाली लोंबला. हालचाल लहान होती आणि प्रेक्षकांच्या बाजूच्या हाताने केलेली होती. विंगेतून ती दिसणे शक्य नव्हते. पुढच्या रांगेतली डोकी हसून हलू लागली. त्यानंतर कोल्ह्याने मान वर केली आणि तो बोलू लागला, हे मुखवट्याच्या हालण्यावरून कळत होते.

“हे मी करतो?” बसू म्हणाला.

मी त्याला आदल्या प्रयोगाचे चित्रण दाखवले. तिथे जुने वाक्य होते. हात कमरेजवळ आला आणि तळहाताने पोटासमोर हवेत एक गोलाई काढली, खालून वर.

बसूने स्वतःच्या हाताने तीच गोलाई काढून पाहिली.

“हे तर ‘मालक आला’,” तो म्हणाला.

“कोण मालक?” सबाने विचारले.

“कारखान्याचा. मी नववी सोडल्यापास्नं मागावर होतो ना, ताई. बंद पडला तवा सुटलो. तिथं तोंडानं कोण बोलतंय? यंत्रमाग चालू असले की आपल्यालाच आपलं ऐकू येत न्हाय. सगळं हातानं. मालक आला की असं, पोट. माग बंद पडला की असं.” त्याने मनगट सैल सोडले. “आणि हात वर न्हाय करायचा. कापडाजवळच करायचा. मालकाला दिसलं तर?”

“आणि मुलांना हे माहीत असतं?”

“आमच्याकडं खाली माग, वर घर. आई खालून जेवायला बोलावती ती हातानंच की. लेकरं बोलायच्या आधी हे शिकत्यात.”

“म्हणजे इतके दिवस,” लालसाब आपल्या पोटाकडे पाहत म्हणाले, “पोरं मला मालक समजून हसत होती?”

“समजत नव्हती, चाचा. मी सांगत होतो.”

लालसाबना राग यावा की आनंद व्हावा, हे ठरेना. त्यांनी आणखी एक चहा मागवला.

एक गोष्ट उरली होती. चेहरा रंगवून केलेल्या प्रयोगांत आणि बिनमुखवट्याच्या तालमीत बसूचा हात हलत नव्हता. तीही चित्रणे आम्ही पाहिली. मी बसूला मुखवटा घालायला लावला आणि आत काय ऐकू येते ते विचारले.

“गोंगाट,” तो आतून म्हणाला. “आपलाच श्वास घुमतोय. बोललेलं भाईर गेलं का न्हाय, काय कळत न्हाय.” मग त्याने मुखवटा काढला. “मागावर असंच असतंय.”

सबा उभीच होती. शेवटी म्हणाली, “मी पाचदा विचारायला नको होतं.”

“व्हय,” बसू म्हणाला. त्याने तिच्यासाठी ते त्याहून सोपे केले नाही. “उद्या पातेलं घेऊन खेळू का?”

“नको. हात मोकळे ठेव.”

“आता कळलंय. होईल का न्हाय, सांगता येत न्हाय.”

“नाही झालं तर नाही झालं. पण पातेलं नको.”

उदयसिंह संध्याकाळी स्वतः सभागृहात आले. त्यांनी दोन्ही चित्रणे आवाजाशिवाय पाहिली, मग आवाजासह पाहिली, मग पातेल्याचे चित्रण पाहिले. ते घाईतले गृहस्थ होते, पण हे त्यांनी घाईने केले नाही.

“म्हणजे इशारा होताच,” ते म्हणाले.

“होता. पण करणाऱ्याला माहीत नव्हता, आणि कोणी कोणाला शिकवला नव्हता. हसण्याची सूचना नव्हती ती. वाक्यच होते. मुलांना ते डोळ्यांनी आधी मिळाले, वैरागच्या मुलांना कानांनी नंतर.”

“ठीक आहे. तक्रार मी निकालात काढतो. कोल्हा तोच राहील.”

“आणि गल्ली?” बसूने विचारले. तो दाराजवळ होता, जाण्याच्या बेतात असल्यासारखा. “तुमची माणसं नळावर येऊन विचारून गेली. निकालात काढलेलं तिथं कोण सांगणार?”

उदयसिंहांनी खिशातला फोन काढला, पाहिला, परत ठेवला. “तीच दोघं येतील. काय सांगायचं ते लिहून द्या. साधं लिहा.”

रविवारी सकाळी, प्रयोगाआधी, नळाला पाणी आलेले असताना ते दोघे गल्लीत गेले. त्यांच्यातल्या वयाने मोठ्या गृहस्थांनी माझा मजकूर वाचून दाखवला, भांड्यांच्या आवाजात, दोनदा. मजकूर असा होता:

‘नाटकातील कोल्ह्याच्या वाक्याआधी या भागातील मुले हसतात, त्याचे कारण सापडले आहे. बसू यांनी अनेक वर्षे यंत्रमागावर काम केले आहे. गोंगाटात बोलणे हाताने करण्याची सवय त्यांच्या अंगात आहे. मुखवट्याच्या आत स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नसल्याने, वाक्य बोलण्याआधी त्यांचा हात नकळत तेच वाक्य कारखान्याच्या खुणेने बोलतो. ही खूण मागावर काम करणाऱ्यांच्या घरांतील मुलांना लहानपणापासून समजते, इतरांना समजत नाही. बसू यांनी कोणत्याही मुलाला काहीही शिकवलेले, सांगितलेले किंवा दिलेले नाही.’